बंद दाराला बोलावणं

चैत्र लागला की ग्वाल्हेरच्या दौलतगंजातल्या त्या गल्लीत वनमालाबाई जगदाळ्यांचा पाय घरात ठरत नसे. एरवीही तो फारसा ठरत नसेच. त्यांची सासू हयात असताना म्हणायची, "हिला माहेरी पाळण्यात नाही, टांग्यात वाढवलेली दिसते." त्यावर वनमालाबाई मान खाली घालून हसायच्या आणि पदर सावरत बाहेर पडायच्या. कुणाकडे बाळंतपण, कुणाकडे मुलगी पाहायला पाहुणे, कुणाकडे नुसतीच पापडाची लाटालाट. काही नसेल तर "सहज आले होते" हे कारण होतंच.

माहेर शिंदे की छावनीतलं. वडील संस्थानच्या तोफखान्यात होते. छावनीतली घरं इतकी चिकटून की एका घरच्या फोडणीनं दुसऱ्या घरी ठसका लागे, आणि ठसका लागलेली बाई "काय गं, काय शिजतंय?" म्हणून वाटी घेऊन येई. अशा ठिकाणी वाढलेल्या मुलीला दार लावून बसणं कसं जमावं? लग्न होऊन दौलतगंजात आल्या, तेव्हा इथल्या कारकुनी घरांच्या बायका जरा अंतर राखून होत्या. फौजेतल्या घरची सून, मोठ्यानं बोलते, मोठ्यानं हसते. पण दोन-तीन वर्षांत सगळ्या गल्लीला त्यांच्या ओसरीची सवय झाली. उन्हाळ्यात संध्याकाळी गच्चीवर पाणी शिंपडलं की सतरंज्या पडत. इंदूरहून, उज्जैनहून, झाशीहून पाहुणे येत. दोन दिवसांसाठी आलेला माणूस दोन आठवडे राही आणि निघताना वनमालाबाई पुन्हा म्हणत, "एवढ्यात काय निघालात? अजून नीट बोलणंसुद्धा झालं नाही."

मग संस्थान विलीन झालं. गल्लीतल्या पुरुषांनी त्यावर पुष्कळ चर्चा केली. बायकांना ते कळलं ते वेगळ्या रीतीनं. मध्य भारताची राजधानी हिवाळ्यात ग्वाल्हेर आणि उन्हाळ्यात इंदूर अशी वाटली गेली, तेव्हा निम्म्या घरांतले पुरुष दप्तरांबरोबर इंदूरला जाऊ लागले. ऐन चैत्रात गल्ली अर्धी ओस पडायची. वनमालाबाईंचे यजमान बळवंतराव संस्थानच्या फौजेत हिशेबनीस होते. ती फौज मोठ्या फौजेत मिसळली आणि त्यांना घरी बसवलं. ते दाल बाजारात एका आडत्याकडे मुनीम म्हणून लागले. दिवसभर हिंदीत बोलून त्यांची मराठी अर्धीअधिक हिंदी झाली होती.

आणि छप्पन साली सगळंच भोपाळला गेलं. या वेळी दप्तरांबरोबर माणसंही गेली, पाटा-वरवंट्यासकट. सगळ्यांत शेवटी शेजारच्या सुधाताई निघाल्या. या बळवंतरावांच्या धाकट्या बहीण, वनमालाबाईंच्या नणंद. दोन घरांत एकच भिंत होती, आणि त्या भिंतीवर थाप मारली की पलीकडून "आले हो वहिनी" ऐकू यायचं. टांग्यात बसताना सुधाताईंनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "येते हं वहिनी."

"येते म्हणालात, लक्षात ठेवा वन्सं," वनमालाबाई म्हणाल्या. "चैत्रगौरीला वाट बघीन."

टांगा वळला. त्यानंतर कित्येक दिवस वनमालाबाईंचा हात सवयीनं भिंतीकडे जाई आणि मधेच थांबे.

हे सांगायचं कारण असं, की पुढचा चैत्र आला तेव्हा गल्लीत मराठी घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी राहिली होती; रिकाम्या घरांत एकेक करून नवे हिंदी भाडेकरू येऊ लागले होते. आणि एका दुपारी सुलोचनाबाईंनी वनमालाबाईंना बोलावून घेतलं.

सुलोचनाबाई म्हणजे गल्लीतलं थोरलं घर. त्यांचे सासरे दरबारच्या दप्तरात मोठ्या हुद्द्यावर होते. यजमानांना अख्खी गल्ली तात्यासाहेब म्हणे. मुलं भोपाळला गेली होती. हे दोघं मागे राहिले होते. पूर्वी त्यांच्याकडच्या हळदीकुंकवाला टांग्यांची रांग लागायची. गल्लीतल्या बाकी घरांनी कोणत्या शुक्रवारी, कोणत्या मंगळवारी करायचं, तेही त्याच ठरवून द्यायच्या.

"यंदा घरोघरी काही नको," सुलोचनाबाई पानाला चुना लावत म्हणाल्या. "येत्या शुक्रवारी मराठी समाजाच्या हॉलवर एकच सार्वजनिक हळदीकुंकू होणार आहे. सगळ्याजणी तिकडेच जाऊ. दोन तासांत आटपेल."

"दोन तासांत आटपायला ते काय दप्तर आहे, बाईसाहेब?"

"अगं, माणसं राहिलीत कुठं? रिकाम्या गल्लीत गौर मांडून बसायचं आणि दाराकडे बघत राहायचं. शोभतं का? नवे लोक हसतील."

"हसू देत. हसायला तरी दारात येतील."

सुलोचनाबाईंनी मान वर केली. "मी यंदा मांडत नाही. माझ्याकडे नाही, तर गल्लीत कुणाकडेच नाही, अशी रीत आहे."

"तुमच्याकडे मांडायची नसेल तर नका मांडू. माझ्या सासूबाईंनी या गल्लीत आल्यावर पहिल्या वर्षी मांडली, तेव्हा त्यांना तर ओळखतही कुणी नव्हतं. माझी गौर माझ्याच घरी बसणार."

"आणि कुणी आलंच नाही तर?"

वनमालाबाईंनी पदर खोचला. "तर पुढच्या वर्षीपासून मी हॉलवर येईन. तुम्ही म्हणाल तिथं सतरंजी घालीन. पण यंदा त्याच शुक्रवारचं बोलावणं करणार."

हे बोलून त्या उठल्या खऱ्या, पण आपण काय बोललो ते त्यांना जिना उतरताना कळलं. शब्द देऊन बसल्या होत्या. शुक्रवारी ओसरी रिकामी राहिली तर या गल्लीतली चैत्रगौर कायमची उठणार होती, आणि ती उठवणारी त्यांचीच जीभ.

घरी बळवंतरावांना सांगितलं, तर ते म्हणाले, "अगं, कशाला फजूल वाद घालतेस बड्या माणसांशी? डाळ किती आणू ते सांग."

"दरवर्षीइतकी."

"खाणार कोण?"

"तुम्ही आणा हो. दाल बाजारात बसता आणि डाळीला घाबरता!"

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या बोलावणं करायला निघाल्या. हातात पंचपाळं, त्यात हळद, कुंकू आणि अक्षता. सासूची शिकवण होती, की बोलावण्यात एकदा आलेलं दार वगळायचं नाही. घरात माणूस असेल तर त्या बाईला हळदीकुंकू लावायचं. दार बंद असेल तर चौकटीला हळदीकुंकवाची बोटं लावायची आणि उंबऱ्यावर अक्षता ठेवायच्या. बाई परत आली की तिला कळतं, कोण येऊन गेलं ते. वनमालाबाई उरलेल्या घरी जाऊन आल्या. कुणी "बघते" म्हणालं, कुणी "हॉलवर जायचंय ना त्या दिवशी?" म्हणून विचारलं. मग त्या भोपाळला गेलेल्यांच्या बंद दारांकडे वळल्या. माणसं गेली असतील, दारं तर इथंच होती. प्रत्येक चौकटीला त्यांनी बोटं लावली, उंबऱ्यावर अक्षता ठेवल्या. ऊन मी म्हणत होतं, गरम वाऱ्याची लू सुटली होती, गल्लीत चिटपाखरू नव्हतं. शेवटी सुधाताईंचं दार. कडीला कुलूप नव्हतं हे त्यांच्या लक्षात आलं नाही. डोळे भरले होते. तिथं त्यांनी चार बोटं जास्तच ओढली आणि अक्षताही मूठभर ठेवल्या.

ऊन उतरलं आणि गल्लीत आरडाओरडा सुरू झाला.

"कौन है? किसने किया है ये? सामने तो आए!"

वनमालाबाई धावत बाहेर आल्या. सुधाताईंच्या दारात एक उंचनिंच बाई कमरेला पदर खोचून, हातात केरसुणी घेऊन उभी होती. आदल्याच रात्री उशिरा भिंडकडून एक कुटुंब त्या घरात भाड्यानं आलं होतं. नवरा मोटर-अड्ड्यावर तिकिटं द्यायचा. बाईचं नाव रामश्री. चौकटीवरच्या लाल-पिवळ्या बोटांकडे आणि उंबऱ्यावरच्या तांदळांकडे ती अशी बघत होती, जसा साप बघावा.

"आए हुए एक दिन नहीं हुआ और देहरी पे टोटका! हमाए बच्चे का सिर कल से तप रहा है!"

आजूबाजूची दारं उघडली. नवी भाडेकरू मंडळी आपापल्या चौकटी तपासू लागली आणि आणखी दोन दारांवरून "अरे, यहाँ भी है!" अशी ओरड झाली. वरच्या सज्ज्यातून सुलोचनाबाईंनी खाली पाहिलं.

"झालं समाधान, वनमाला?" त्या म्हणाल्या. "मी सांगत होते. त्यांना ही करणी वाटली. आता ते पुसून टाक आणि माफी माग. गल्लीची शोभा नको."

तेवढ्यात बाजारातून बळवंतराव आले. सायकल भिंतीला टेकवून त्यांनी प्रकार ऐकला आणि हळूच म्हणाले, "अगं, माफी मागून टाक. कटकट मिटेल."

वनमालाबाईंचं डोकं तापलं. "कुंकवाची माफी? कुंकू लावल्याची माफी मागू? आजवर कुणी मागितलीय?"

त्या तडक रामश्रीच्या पुढ्यात जाऊन उभ्या राहिल्या. हिंदी त्यांना येत होती, भाजीवाल्यापुरती आणि टांगेवाल्यापुरती. तेवढ्या भांडवलावर त्या बोलू लागल्या.

"मैंने किया. टोटका नहीं है. ये बुलावा है."

"बुलावा?" रामश्रीनं केरसुणी खाली केली नाही. "देहरी पे चावल फेंक के बुलावा?"

"फेंके नहीं, रखे. दरवाज़ा बंद था, इसलिए."

"तो खटखटातीं!"

  इतक्या वर्षांत बंद दार म्हणजे घरात कुणी नाही, हेच वनमालाबाईंनी गृहीत धरलेलं. दार वाजवून बघावं हे सासूनं सांगितलं नव्हतं आणि त्यांना सुचलं नव्हतं.

पण हटायचं त्यांच्या रक्तात नव्हतं. त्या खाली वाकल्या, उंबऱ्यावरच्या अक्षता चिमटीत उचलल्या आणि सगळ्यांच्या देखत तोंडात टाकल्या. कच्चे, हळदकुंकू लागलेले तांदूळ. कराकरा चावले. ओठ लाल-पिवळे झाले.

"लो. टोटके के चावल कोई खाता है? मरूँगी तो मैं मरूँगी."

 रामश्री त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिचा खालचा ओठ थरथरला, आणि वनमालाबाईंना वाटलं आता ही रडणार. पण ती हसत होती.

"थूको, जिज्जी, थूको! कच्चे चावल से पेट पिराएगा." तिनं केरसुणी टाकली आणि आतून पाण्याचा लोटा आणला. "काहे का बुलावा है?"

वनमालाबाईंनी चूळ भरली आणि सांगायला घेतलं. गौर असते. झोपाळ्यात बसवतात. बायका येतात. हळदीकुंकू. "कुंकू मतलब रोली." पन्हं असतं. "और आम की डाल."

"आम की डाल?"

"हाँ, हाँ. आम की डाल. वही तो खास है. उसके बिना हमारी गौर होती ही नहीं."

रामश्रीनं समजल्यासारखी मान हलवली. "अच्छा. और अकेली हम ही आएँ? बगलवाली को नहीं बुलाया? ऊपरवाली को?"

वनमालाबाईंनी वर पाहिलं. सज्ज्यात सुलोचनाबाई अजून उभ्या होत्या. "वनमाला, परक्या बायका गौरीपुढं? त्यांना ना आरती माहीत, ना काही," त्या मराठीत म्हणाल्या.

"पाटावर बसायला आरती कशाला यावी लागते?" वनमालाबाई मोठ्यानं म्हणाल्या, छावनीच्या आवाजात. मग रामश्रीकडे वळल्या. "चलो. तुम मेरे साथ चलो. मुझे सबका नाम नहीं मालूम."

रामश्रीला तरी कुठं माहीत होती? तीही आदल्या रात्रीच आलेली. पण दोघी मिळून निघाल्या. या वेळी प्रत्येक दार वाजवलं. रामश्री मूठ आपटून दार वाजवायची, आतून "कौन?" आलं की म्हणायची, "खोलो, बुलावा है!" आणि आत गेल्यावर जे काही सांगायचं ते तिच्या बोलीत सांगायची. वनमालाबाई नुसतं हळदीकुंकू लावत गेल्या. बळवंतराव डाळीची पिशवी हातात धरून ओसरीत उभे होते. परत आलेल्या बायकोला म्हणाले, "मी कमी तर नाही ना आणली?"

शुक्रवार उजाडला. वनमालाबाईंनी डाळ वाटली, कैऱ्या किसल्या, वर मोहरी-हिंगाची फोडणी घातली. हरभरे भिजत घातले होते. झोपाळ्यात गौर बसवली, पुढं टरबूज कापून ठेवलं, रांगोळी काढली. सगळं झालं आणि त्या दाराशी बसल्या. इतक्यात टांगा थांबला.

"वहिनी!" सुधाताई उतरत होत्या. हातात एक पिशवी आणि चेहऱ्यावर आगगाडीची धूळ. "येते म्हटलं होतं ना?"

वनमालाबाईंनी धावत जाऊन त्यांच्या हातातली पिशवी घेतली. बळवंतराव मागून म्हणाले, "भोपाळहून डाळ खायला आलीस? वा रे वा!"

"तिथं कोण घालतं?" सुधाताई म्हणाल्या. "सगळ्या एकमेकींना नमस्कार करतात आणि आपापली दारं लावतात. माझं घर कसं आहे हो? कोण राहतं तिथं?"

"येईल ती आता. बघा."

पण संध्याकाळ झाली आणि कुणी येईना. जवळची मराठी घरं हॉलकडे निघालेली दिसली. एकीनं जाता जाता आत डोकावून "येते गं नंतर" म्हटलं आणि ती गेली. ओसरीवर पाट मांडलेले, पाटांवर कुणी नाही. नणंद-भावजया समोरासमोर बसल्या. वनमालाबाई एकदा गौरीकडे बघत, एकदा दाराकडे. सुधाताई मुद्दाम भोपाळच्या तळ्याच्या गोष्टी सांगत होत्या आणि वनमालाबाई नुसत्या "हं, हं" करत होत्या.

"वन्सं," त्या मधेच म्हणाल्या, "मी जास्तच बोलले का त्या दिवशी?"

"तुम्ही नेहमीच जास्त बोलता," सुधाताई म्हणाल्या. "पण ऐका जरा. बाहेर काय चाललंय?"

बाहेर काहीतरी सळसळत होतं. गल्लीत वारा पडला होता, तरी पानांचा आवाज येत होता. वनमालाबाई उठून दाराशी गेल्या आणि चौकट धरून उभ्या राहिल्या.

गल्लीतून बायका येत होत्या. पुढं रामश्री, मागं अख्ख्या गल्लीतल्या नव्या भाडेकरणी, ठेवणीतल्या साड्या नेसलेल्या. आणि प्रत्येकीच्या खांद्यावर आंब्याची एकेक फांदी होती. कुणाची छोटी, कुणाची चांगली हातभर, तिला लहान लहान कैऱ्या लटकलेल्या. रामश्रीची तर फांदी कसली, अर्धं झाडच होतं. ते तिनं दोन्ही हातांनी पेललं होतं.

"लो जिज्जी!" ती धापा टाकत म्हणाली. "हमाए ये मुरार की बगिया से लाए हैं. तुम बोलीं ना, बिना आम की डाल के गौर नहीं होती? तो हमने सबको कह दिया, खाली हाथ कोई मत जाना!"

वनमालाबाई आ वासून बघत राहिल्या. मागून सुधाताईंना प्रकार उमगला आणि त्या भिंतीला टेकून हसू लागल्या. हसता हसता खाली बसल्या.

"वहिनी, अहो, डाळ! हिंदीत डाळीला दाल म्हणतात! डाल म्हणजे फांदी!"

बळवंतराव आतून म्हणाले, "रोज दाल बाजारात जातो मी. एकदा मला तरी विचारायचं!"

मग फांद्या आत आल्या. ठेवायच्या कुठं? कुणी झोपाळ्याच्या दोन्ही बाजूंना बांधल्या, कुणी खिडकीत खोचल्या, रामश्रीचं झाड ओसरीच्या खांबाला उभं केलं. गौर हिरव्या मांडवात बसल्यासारखी दिसू लागली. पाट कमी पडले तेव्हा बायका जमिनीवर बसल्या. डाळ वाटली गेली. एकीनं चमच्यानं चाखून विचारलं, "कच्ची है?" दुसरीनं "कच्ची ही होती है, चुप रहो" म्हणून तिला गप्प केलं, आणि मग दोघींनीही पुन्हा मागून घेतली. ओटीत भिजवलेले हरभरे पडले तेव्हा रामश्री म्हणाली, "ये तो हमाए यहाँ घोड़े को देते हैं." सगळ्या हसल्या. वनमालाबाई म्हणाल्या, "खा लो. घोड़ा बनोगी तो बुलावा जल्दी पहुँचाओगी." सुधाताईंनी रामश्रीला विचारलं, न्हाणीघराची मोरी अजून तुंबते का. रामश्रीनं कपाळावर हात मारला. त्या दोघींचं मग असं जमलं की सुधाताई आपलं जुनं घर बघायला म्हणून गेल्या, ते रामश्रीच्या मुलाला कडेवर घेऊनच परतल्या. त्याचा ताप केव्हाच उतरला होता.

दिवे लागले तेव्हा सुलोचनाबाई दारात उभ्या होत्या. हॉलवरचं हळदीकुंकू ठरल्याप्रमाणे दोन तासांत आटपलं होतं. ओसरीभर पसरलेल्या चपला त्यांनी पाहिल्या, मग खांबाला टेकलेलं झाड पाहिलं.

"हे काय आणि? घरात रान माजवलंस की."

"आंब्याची डाळ आहे, बाईसाहेब," वनमालाबाई म्हणाल्या. "दोन्ही भाषांतली. या, बसा."

सुलोचनाबाईंना पाट दिला. त्यांनी डाळ तोंडात घातली, कैरी नीट आंबट आहे की नाही ते बघितलं आणि दुसरा घास घेतला. कानावर हिंदी, मराठी, भिंडची बोली, सगळं एकदम येत होतं. रामश्रीनं वाकून त्यांच्या पाया पडायला हात पुढं केला, तेव्हा त्या जरा बावरल्या. मग त्यांनी तिच्या कपाळाला कुंकू लावलं आणि अगदी स्वच्छ, दरबारी हिंदीत तिची, तिच्या मुलाची आणि गावाकडच्या पिकाची विचारपूस केली. रामश्री ताठ बसून उत्तरं देऊ लागली. वनमालाबाई बघतच राहिल्या.

निघताना सुलोचनाबाई उंबऱ्यापाशी थांबल्या.

"पुढच्या वर्षी बोलावणं करायला निघशील," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "तेव्हा मला हाक मार. तुझ्या हिंदीवर सोडलं तर लोक गौरीला हत्ती घेऊन येतील."

"चालेल," वनमालाबाई म्हणाल्या. "बोला तुम्ही. पण दार मी वाजवणार."